डाव्या हाताची दोन बोटं

बाई, गेल्या शनिवारी केंद्रात नवी बॅच सुरू झाली आणि पहिल्या दिवशी मुलांशी चार शब्द बोलायला मी कळंबोलीच्या तिला बोलावलं होतं. लोखंड बाजारातल्या वजनकाट्यावर काम करणाऱ्या माणसाची मुलगी, आपल्या पहिल्या कॉम्प्युटरवर शिकलेली. तुम्हाला याहून जास्त खूण सांगायला नको. केस निम्मे पांढरे झालेत तिचे. चालणं तसंच, एका बाजूला झोक जाणारं, आणि बोलणंही तसंच, शब्द ओढत ओढत पण शेवटपर्यंत नेऊन ठेवणारं. ती काय बोलली ते तुम्हाला सांगायचं म्हणून कागद घेतला. पण ते एकदम सांगून टाकलं तर मी स्वतःला स्वस्तात सोडवून घेतल्यासारखं होईल, म्हणून क्रमाने सांगते. आधी काय पाहिलं ते लिहायचं, निष्कर्ष शेवटी, हे तुमचंच.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझी समजूत होती की माझं शिकून झालं आहे. मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात सहा वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काढली होती. जळालेले, मोडलेले, लुळे पडलेले हात पुन्हा कामाला लावले होते. लग्न होऊन वाशीला आले आणि बाजारातून येताना तुमच्या केंद्राची पाटी वाचून आत शिरले. तळमजल्यावरचे दोन गाळे, शेजारी पिठाची गिरणी, आणि पीठ बसू नये म्हणून कॉम्प्युटरवर तुमच्या जुन्या सुती साडीचं आच्छादन. त्या वर्षांत महाप्याच्या बाजूला ऑफिसं उघडत होती. बिलं, फॉर्म, याद्या कॉम्प्युटरमध्ये भरायला माणसं लागत होती. तुमचं म्हणणं एवढंच होतं की या कामाला पळावं लागत नाही, उचलावं लागत नाही, फारसं बोलावंही लागत नाही, मग ते आपल्या मंडळींना का मिळू नये. सगळे अपंग म्हणायचे, आता दिव्यांग म्हणतात, तुम्ही ‘आपली मंडळी’ म्हणायचात. कोण कोणत्या बोटाने, कोणत्या सांध्याने, किती वेळ बटणं दाबू शकतं हे तपासून कंपनीला लेखी देणारं माणूस तुम्हाला हवं होतं. ते मी झाले.

तुमची तपासणी हातापासून सुरू होत नसे, तळपायापासून होई. पाय जमिनीला टेकतात का, नाहीतर खाली पाट सरकवा. मग खुर्ची, मग कोपर, मग मान, आणि बोटं सगळ्यात शेवटी. सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर कीबोर्डचं चित्र असायचं आणि चुकून दाबलेलं प्रत्येक बटण त्यावर लाल पेन्सिलने रंगवायचं. एकाच हाताने काम करणाऱ्याला शिफ्टचं बटण धरून ठेवता येत नाही, म्हणून तुम्ही काड्यापेटीत वाळू भरून ती त्यावर ठेवायला दिली होती. दुपारी एकच्या सुमाराला डोंगराकडच्या दगडखाणीत सुरुंग उडायचा आणि खिडकीच्या काचा वाजायच्या. ज्यांचे स्नायू ताठर त्यांचं सगळं अंग त्या आवाजाने दचकतं, म्हणून पाऊण ते सव्वा चाचणी बंद. हे सगळं मला पटलं. एकच नियम पटला नाही. तपासताना तपासणाऱ्याने स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायचं. मला ते बालवाडीसारखं वाटलं. मी म्हटलं, “बाई, माझ्या एका हातात स्टॉपवॉच असतं. आणि मी काही मदत करणाऱ्यातली नाही.” तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, “तू नसशील गो. पण तुझे हात फार कामसू आहेत, त्यांना विचारलंस का?”

मी कडक होते आणि मला त्याचा अभिमान होता. आई-वडील हात जोडून उभे राहायचे, “मॅडम, थोडं वाढवून लिहा ना,” आणि मी सरळ नाही म्हणायचे. दयेचा एक मार्क मी कधी कुणाला दिला नाही. वाढवून लिहिलेल्या रिपोर्टवर नोकरीला लागलेलं माणूस आठ दिवसांत परत येतं आणि मग ती कंपनी आपल्या कुणालाच दारात उभं करत नाही, हे मी त्यांना ऐकवायचे. माझंच वाक्य. नंतर किती दिवस ते माझ्या कानात वाजत राहिलं.

ती आली तेव्हा बावीस-तेवीसची होती. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. डावी मूठ मिटलेली, मांडीवर ठेवलेली. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्याच्या पेराने ती बटण दाबायची, दाबायची कसली, ठोकायची. प्रत्येक अक्षराला खांद्यापासून जोर. पण नेम पक्का. सात महिने ती रोज कळंबोलीहून बस बदलून आली आणि शेवटी शेवटी तर बटणांकडे न बघता, नजर बिलाच्या कागदावर ठेवून आकडे भरू लागली. चाचणीच्या दिवशी मी तिच्या डाव्या बाजूला बसले, मांडीवर फाइल, उजव्या हातात स्टॉपवॉच. तिने अर्धा तास न थांबता काम केलं. चुका नावापुरत्या. मी रिपोर्ट लिहिला, एक शब्द न वाढवता, आणि महाप्याच्या एका ऑफिसने तिला घेतलं. तिच्या वडिलांनी केंद्रात पेढे वाटले. तुम्ही पेढा अर्धा मोडून मला दिलात आणि म्हणालात, “हा तुझ्या कडकपणाचा.”

नऊ दिवसांनी तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. माणूस सभ्य होता. “मॅडम, मुलगी चांगली आहे हो, वेळेवर येते, पण स्पीडच नाय. तुमच्या रिपोर्टच्या निम्मा पण नाय. आणि मिस्टेक बघाल तर... मला पण वर उत्तर द्यावं लागतं ना.” मी त्यालाच खडसावून विचारलं, “तुमच्या ऑफिसात खुर्च्या कशा आहेत, उजेड कुठून येतो?” तो म्हणाला, “सगळ्यांना आहे तेच आहे मॅडम.” सोमवारी ती आणि तिचे वडील आपल्याकडे आले. स्वतः भरलेल्या बिलांचे छापील कागद तिने बरोबर आणले होते, घडी घालून, पिशवीत तळाशी. आल्या आल्या मला म्हणाली, “मॅडम, सॉरी. तुमचं नाव खराब केलं मी.” वडील दाराशीच उभे. तुम्ही बसा म्हणालात तर खुर्चीच्या कडेवर टेकले. टोपी हातात फिरवत म्हणाले, “बाई, रागावू नका, येक इचारतो. आमच्या काट्यावर गाडी चढली की पयलं ड्रायवरला खाली उतरवत्यात. क्लीनरला बी. कुनाचा पाय काट्यावर ऱ्हायला नको, मग खरं वजन. तर पोरीचं हितलं वजन खरं का तिथलं, एवढंच मला कळंना झालंय.”

मला राग आला होता, बाई. माझ्या मोजमापावर लोखंड बाजारातला माणूस शंका घेतो याचा. तुम्हाला नाही आला. तुम्ही त्या माणसाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलात. मग ते छापील कागद टेबलावर पसरलेत, मूळ बिलांशी ताडून पाहायला लागलात आणि लाल पेन्सिल मागितलीत. तिनाच्या जागी चार, सहाच्या जागी सात, आठच्या जागी नऊ. रोज सकाळची पहिली काही बिलं बरोबर, मग चुका, मग मध्येच पुन्हा बरोबर, पुन्हा चुका. आणि प्रत्येक चूक एकाच दिशेला, एक घर उजवीकडे. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. “हिचा हात चुकत नाहीये,” म्हणालात. “हात आहे तिथेच पडतोय. कीबोर्ड डावीकडे चालत जातोय.” मी म्हटलं, आपल्या टेबलालाही सनमायकाच आहे, कीबोर्डही तसाच, मग इथे कसा नाही सरकला? तुम्ही कागद गोळा करत म्हणालात, “चाचणी पुन्हा घे. त्या दिवशी घेतलीस तशीच.”

ती बसते. मी तिच्या डाव्या बाजूला बसते, मांडीवर फाइल, उजव्या हातात स्टॉपवॉच. तुम्ही समोर भिंतीला टेकून उभ्या आहात. गिरणीचा पट्टा घरघरतो आहे. ती ठोकत जाते, आकड्यामागे आकडा, चूक नाही. मला बरं वाटू लागतं, मी विजयाने तुमच्याकडे बघते, आणि तेव्हा लक्षात येतं की तुम्ही तिच्याकडे बघतच नाही आहात. तुम्ही माझ्याकडे बघताय. तुम्ही सावकाश पुढे येता, टेबलावरची जाड फाइल उचलता आणि माझ्यापुढे धरता. “ही जरा धर गो.” मी डावा हात पुढे करते. तो हात कुठून निघाला ते मला तेव्हा दिसतं. कीबोर्डच्या डाव्या कडेवरून. अंगठ्याशेजारची दोन बोटं तिथे टेकलेली होती, हलकी, सहज, पोळपाट सरकू नये म्हणून धरावा तशी. हात निघाल्यावर पाचव्या-सहाव्या ठोक्याला कीबोर्ड हलतो. मग आणखी. तिनाच्या जागी चार. ती थांबते, मिटल्या मुठीने तो मागे ओढायला बघते, घामेजते. “माझ्या हाताला जोर जास्त आहे,” म्हणते. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणता, “पुरे आता. चहा पिऊ.”

मागच्या मोरीपाशी स्टोव्ह होता. तुम्ही चहाचं आधण ठेवलंत आणि माझ्याकडे पाठ करून बोललात. आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं झालं असतं. “तू वाढवून लिहिलं नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझ्या हाताने वाढवून दिलं. तू एवढी कडक की सगळी माया बिचारीला बोटांतूनच वाट काढावी लागते.” मी काहीतरी म्हणायला गेले. “रडायचं असेल तर घरी जाऊन रड. आधी नवा रिपोर्ट. पहिली ओळ, पहिल्या चाचणीत कीबोर्ड परीक्षकाने धरलेला होता. आणि तिला सांग. आज नको, आज तिचा बाप बरोबर आहे. पण सांग. मी सांगणार नाही, ते तुझं आहे.”

रिपोर्ट मी लिहिला, पहिली ओळ तुम्ही सांगितलीत तीच. इंग्रजीत, माझ्या सहीने, अजून फाइलीत आहे. घेऊन महाप्याला गेले तेव्हा जागा भरली होती. सुपरवायझरने कागद वाचला नाही, मला थंडा विचारला. त्यानंतर आठ महिने ती घरी होती. दोनदा फोन केला तेव्हा म्हणाली, आई म्हणते आता बास झालं बाहेर जाणं.

मधल्या एका रविवारी तुम्ही मला नेरूळला घरी बोलावलंत. तुम्ही ओट्यापाशी तांदळाची उकड मळत होतात. डावं मनगट संधिवाताने गेलेलं, म्हणून सगळं एका उजव्या हाताने, अंगाचा भार टाकून. परात मात्र जागची हलत नव्हती. “बघतेस काय, खाली बघ,” म्हणालात. परातीखाली ओल्या फडक्याची घडी होती. माझ्या आईच्या परातीखाली असायची, माझ्याही असते. रोज सकाळी ती घडी घालून मी कामाला येत होते आणि टेबलावर कीबोर्ड दोन बोटांनी धरत होते. “कॉम्प्युटरखाली ओलं फडकं कसं घालणार,” मी म्हटलं. तुम्ही हात धुतलेत, आतून तुमची शेकायची रबरी पिशवी आणलीत आणि मोठ्या कात्रीने उभी कापलीत. मी अहो बाई, अहो बाई करत राहिले. थंडीत त्या पिशवीशिवाय तुमचं मनगट हलायचं नाही. “दुसरी मिळते बाजारात,” म्हणालात. एक तुकडा तिच्या कीबोर्डाखाली चिकटवायला. दुसरा माझ्या हातात दिलात. “हा तुझ्या दोन बोटांच्या बदल्यात.” मग भाकऱ्या केल्यात आणि मला तीन खायला लावल्यात. तेवढं सुख मला त्या वर्षात दुसरं मिळालं नाही.

आठ महिन्यांनी कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, कॉम्प्युटरवर भरायला माणूस हवं होतं. या वेळी मी आधी जागा बघायला गेले. टेप घेऊन टेबल मोजलं, खुर्चीखाली विटा लावून घेतल्या, रबर चिकटवलं, टेबलाच्या कडेला लाकडी पट्टी ठोकून घेतली. मालक दारात उभा राहून बघत होता. “मॅडम, एवढं तर आमच्या ट्रकचं पण पासिंग होत नाय.” चाचणी तिथेच घेतली, तिच्या टेबलावर, त्यांच्या गोंगाटात. मी खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसले. स्टॉपवॉच मालकाच्या हातात दिलं होतं. ती तिथे लागली, टिकली, आणि अलीकडे त्या ऑफिसची सगळी बिलं तिच्या नजरेखालून जातात. तुम्ही ते पहिलं वर्ष तेवढं पाहिलंत.

तुमच्या शेवटच्या आजारात मी दर बुधवारी यायचे. एकदा तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, “तिला सांगितलंस?” कोणाला, काय, हे विचारायची गरज नव्हती. मी हो म्हटलं. “काय म्हणाली?” मी म्हटलं, “हसली.” तुम्हाला इतकं समाधान वाटलं की तुम्ही माझं मनगट थोपटलंत, त्या वाकड्या बोटांनी. मग पुढच्या बुधवारी तुम्ही नव्हतात.

आता शनिवारचं. पंधरा-सोळा जणं बसली होती, एक कपाळाला काठी बांधून टाइप करणारा, दोघी चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या. ती पुढे उभी राहिली आणि म्हणाली, “माझी पहिली नोकरी नऊ दिवसांत गेली. काम येत होतं मला. मॅडमनी एवढा चांगला रिपोर्ट दिला होता. पण तिथे गेल्यावर मी घाबरले. मॅडमनीच मला नंतर सांगितलं, घाबरलीस तू, होतं असं. तेव्हापासून मी ठरवलं, परत नाय घाबरायचं. तुम्ही पण नका घाबरू.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे बघून मान डोलावली. मी पहिल्या रांगेत होते, दोन्ही हात मांडीखाली. तुम्ही शिकवलेलं मी इतकं नेमकं चुकीच्या जागी कधी वापरलं नव्हतं.

तिने हे मनाचं घातलं नाही. त्या सोमवारी वडील चहाचा कप ठेवायला आत गेले, तेव्हा तिने मला विचारलं होतं, “मॅडम, माझं काय चुकलं?” आणि मी फाइल बंद करत हे उत्तर दिलं होतं, कोरड्या, समजूतदार आवाजात. पुढच्या भेटीत दुरुस्त करू असं ठरवलं. मग ती घरी बसली, तेव्हा सांगणं क्रूर वाटलं. मग नोकरी लागली, तेव्हा अनावश्यक वाटलं. मग ती सगळ्यांना सांगायला लागली की मॅडम कधी चुकीचं लिहीत नाहीत, आणि मला ते ऐकायला आवडायला लागलं. ती न घाबरलेली मुलगी इतकी वर्षं स्वतःला घाबरट समजून त्यावर मात करत बसली आहे.

तुमचा रबराचा तुकडा माझ्या खणात आहे. कडक होऊन त्याला भेगा गेल्यात, बोट लावलं की काळं लागतं. आज तो बाहेर काढून या कागदाखाली ठेवला आहे, कागद हलत नाही. हे सगळं तिला लिहायचं होतं, तिचा पत्ता माझ्याकडे आहे, फोन आहे, ती कळंबोलीत राहते. तरी पहिला शब्द ‘बाई’ असाच उमटला, कारण तुम्ही आता उलट विचारणार नाही.

ती हसली नव्हती, बाई. तिला हसू येईल की रडू, हे बघण्याइतकं मी तिला काही सांगितलंच नव्हतं.